भारतीय वाइन, पुणेरी शंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन महिन्यांनी कोथरूडला आमच्या घरी आठ-दहा जण जमतात. तीन बाटल्या उघडतात, खर्च वाटून घेतला जातो आणि कुणाच्याच वाट्याला दीड ग्लासाच्या वर काही येत नाही. खरी मैफल दुसऱ्या दिवशी फोनवर सुरू होते. ‘काल विचारायला लाजलो, पण...’ अशी सुरुवात असलेले निरोप मी गेली काही वर्षं साठवत आले. तेच इथे एकत्र केले आहेत. विषय भारतात होणाऱ्या वाइनचा, त्यातही बहुतेक आपल्या राज्यातल्या. मी वाइन विकत नाही आणि मला कुणी फुकट बाटल्या पाठवत नाही (पाठवल्या असत्या तर हे पान इतकं मोकळेपणाने लिहिलं असतं का, कोण जाणे). एकवीस पूर्ण नसलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

१. ‘वाइन शॉप’मध्ये गेलो तर वाइन सोडून सगळं होतं. मग वाइन मिळते कुठे?

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ ही पाटी व्हिस्की-रमच्या दुकानावर लागते, हे एकदा गृहीत धरलं की त्रास कमी होतो. वाइन असते, पण कोपऱ्यात, खालच्या फळीवर, धूळ खात. अशा दुकानातून घेऊ नका. औंध, बाणेर, कोरेगाव पार्क, कॅम्प या भागांत वाइनसाठी वेगळी थंड खोली किंवा मोठा फ्रिज ठेवणारी दुकानं आहेत. बिअर शॉपीतही वाइन विकायची मुभा असते. तिथे माल कमी असला तरी बाटली फ्रिजमधून बाहेर येते, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. दुकानात शिरल्यावर मी पहिल्यांदा लेबल नाही, खिडकी बघते. दुपारचं ऊन फळीवर पडत असेल तर गोळी-बिस्किटाला थांबल्यासारखं करून बाहेर पडायचं. का, ते प्रश्न ९ मध्ये.

किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन मिळणार असं तुम्ही ऐकलं असेल. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला होता, त्याला जोरदार विरोध झाला आणि गाडी तिथेच अडली. आणखी एक: आषाढी, कार्तिकी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे दिवस कोरडे, शिवाय पालख्या मुक्कामाला असताना आणि गणपतीत पुण्यात वेगळे आदेश निघतात. पाहुणे येणार असतील तर कॅलेंडर आधी बघा.

२. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. हिशेब करा. १५० मिलिचा ग्लास, १३ टक्के अल्कोहोल: साडेएकोणीस मिलि निव्वळ मद्यार्क. ६० मिलिचा लार्ज पेग, ४२.८ टक्के: साधारण पावणेसव्वीस मिलि. म्हणजे एक ग्लास हा पाऊण लार्ज झाला. अख्खी बाटली ७५० मिलिची, त्यात जवळजवळ चार लार्ज. ‘नुसती वाइनच तर घेतली’ म्हणून गाडी काढणाऱ्यांनी हे पाठ करावं, कारण कायद्यातली मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि नाक्यावरच्या यंत्राला द्राक्ष आणि धान्य यांतला फरक कळत नाही.

‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हेही सोडून द्या. मद्याचं कोणतंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. वाइन आवडते म्हणून प्यावी, औषध म्हणून नाही. आणि न पिणाऱ्याला आग्रह तर मुळीच करू नये, आग्रह श्रीखंडापुरता ठेवावा.

३. लाल आणि पांढरी हा फरक द्राक्षाच्या रंगाचा का?

सालाचा. काळं द्राक्ष चिमटीत दाबून बघा, आतला गर हिरवट-पांढराच निघतो. रस सालांसकट आंबवला की रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात, ती लाल वाइन. सालं लगेच बाजूला काढली तर पांढरी. काही तास ठेवून काढली तर गुलाबी, म्हणजे रोझे. त्यामुळे काळ्या द्राक्षांची पांढरी वाइनही होते. गरही लाल असलेली द्राक्षं थोडी असतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेलं ‘मांजरी मेडिका’ हे त्यातलं एक, पण ते रसासाठीचं वाण.

४. मंडईत मिळतात त्याच द्राक्षांची वाइन करतात का?

नाही. आपण खातो ती थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद अशी द्राक्षं टपोरी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, खाताना अर्धा वेळ थुंकण्यात जातो. चव मात्र भलतीच दाट. वाइनरीत गेलात तर एक मणी मागून खा, बाटलीवरच्या लेबलापेक्षा जास्त कळेल.

आपल्याकडची गंमत वेगळीच आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून बागायतदार वर्षात दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने काड्या तयार होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. म्हणजे छाटण्या दोन, पीक एक. पाऊस सरल्यावर मणी भरतात आणि जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत तोडणी चालते. युरोपात हेच काम सप्टेंबरच्या आगेमागे होतं.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी येते ना? खायच्या द्राक्षांच्या बागायतदाराला ती बातमी धडकी भरवते, मणी तडकतात. वाइनवाल्याला मात्र थंड रात्री हव्या असतात. दिवसा उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारठ्याने आंबटपणा टिकतो. तो टिकला नाही तर वाइन काकवीसारखी बसकी लागते. नाशिक पठार, सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि कोरडा हिवाळा यांचं गणित जमलं ते असं.

५. पहिली बाटली कोणती घेऊ? नावं सांगा, व्याख्यान नको.

चेनिन ब्लां (हे आणि पुढची अशी नावं द्राक्षांच्या जातींची). पांढरी, किंचित गोडसर, थंडगार. सुला या नाशिकच्या वाइनरीची कुठेही मिळते आणि नवख्या जिभेला ती क्वचितच नाराज करते. दुसरी सॉव्हिन्यों ब्लां. ही चेनिनपेक्षा कोरडी, पेरू-कैरीच्या वासाची. तिसरी लाल: शिराझ. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची सांजोव्हेझे मिळाली तर तीही, ती शिराझपेक्षा हलकी आणि जेवणाला सोयीची असते.

कॅबर्ने सॉव्हिन्यों पहिल्या महिन्यात नको. पुष्कळ लोक ‘खरी वाइन’ म्हणून तीच उचलतात, तुरट लागली म्हणून तोंड वाकडं करतात आणि वाइनचा नाद कायमचा सोडतात. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिलि, मिळत असेल तर ती घ्या. फ्रातेल्लीच्या टिल्टसारख्या डब्यातल्या वाइनलाही नाकं मुरडू नका, दोघांत एक ग्लासभर पुरते आणि उरवण्याचा प्रश्न येत नाही (प्रश्न १३).

उच्चाराची भीती वाटत असेल तर दुकानदाराला बोट दाखवा. तोही ‘चेनिन ब्लँक’च म्हणतो आणि बरोबर तीच बाटली देतो.

६. ‘ड्राय’ म्हणजे काय? पातळच तर असते.

ड्राय म्हणजे गोड नसलेली. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाल्ली की वाइन ड्राय होते. थोडी उरली तर ऑफ-ड्राय. चेनिन बहुधा त्यातली. खूप उरली तर गोड, उदाहरणार्थ ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेल्या बाटल्या, ज्यांची द्राक्षं वेलीवर जास्त पिकवून उशिरा तोडतात.

नवख्या माणसाची एक फसगत नेहमी होते. वाइनला फळाचा वास येतो म्हणून ती गोड असेल असं वाटतं, आणि घोट आंबट निघतो. वाइन खराब नाही, अपेक्षा चुकली. सोलकढी पिताना कुणी आंबट लागली म्हणून तक्रार करत नाही, कारण ती तशीच असणार हे ठाऊक असतं.

७. लाल वाइन प्यायल्यावर जीभ खरखरीत का होते? कडू लागते.

कडू नाही, तुरट. मराठीला हा शब्द आहे, तो वापरा, अर्धं काम होतं. जांभूळ, कच्चा आवळा, फार उकळलेला बिनदुधाचा चहा यांनी जे होतं तेच हे. सालातली आणि बियांतली टॅनिन ही तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो. चहात दूध घातलं की तुरटपणा मरतो, तसंच चीज किंवा मटणाच्या घासाबरोबर लाल वाइन मऊ लागते. नुसती प्यायलात तर ती चावणारच.

८. ग्लास फिरवणं, वास घेणं हे सगळं नाटक नाही का?

निम्मं नाटक आहे. निम्मं कामाचं. सर्दी झाल्यावर आमटी बेचव लागते ना? चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं नाकाचं असतं. ग्लास एक तृतीयांशच भरा, दोनदा फिरवा, नाक खुपसा आणि मग घोट घ्या. बास. घोटाबरोबर सुरसुर आवाज करून हवा ओढणं बशीतून चहा पिणाऱ्यांना जन्मजात येतं.

खरी अडचण शब्दांची. बाटलीच्या मागे ‘गूजबेरी’, ‘कसीस’ असलं काहीबाही लिहिलेलं असतं, जे आपण कधी खाल्लेलं नाही. ते वाचूच नका. पहिल्यांदा आमच्याकडे आलेल्या शेजारच्या काकूंनी सॉव्हिन्यों ब्लांचा ग्लास नाकाशी नेला, थांबल्या, आणि म्हणाल्या, “अगं, हा तर पेरू! फोडी करून ठेवलेल्या डब्याचा वास.” त्या संध्याकाळी यापेक्षा नेमकं कुणी काही बोललं नाही. त्यांनी घोट घेतलाच नाही, नंतर प्रत्येक ग्लासाचा नुसता वास घेत बसल्या आणि दर वेळी काहीतरी सांगत गेल्या.

आपल्या घरातलेच शब्द पुरतात. शिराझमध्ये काळी मिरी शोधा. ती कल्पना नाही, मिऱ्याला वास देणारं रोटनडोन हे द्रव्य शिराझमध्येही असतं. कॅबर्नेत कधीकधी चिरलेली सिमला मिरची येते, तिथेही दोन्हींत एकाच जातीची द्रव्यं असतात. चेनिनमध्ये मध, पिकलेलं पेर. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये लवंग, भाजलेलं खोबरं. तुम्हाला गोडा मसाला सापडला तर गोडा मसाला लिहून ठेवा.

९. लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असते ना?

कुणाच्या रूमच्या? हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांतला, जिथे खोलीत १६-१८ अंश असतात. पुण्यात एप्रिलच्या रात्री नऊ वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत ३१ असतात. त्या तापमानाला लाल वाइन प्यायची म्हणजे नाकात मद्यार्क चढतो, फळ हरवतं आणि खोकल्याच्या औषधाची आठवण येते. लाल वाइन पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि गुलाबी तीन तास. फसफसणारी त्याहून गार. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटांत पांढरी तयार. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, नाहीतर बाटलीभोवती पोकळ्या राहतात. कुल्फीचा पॉट चालवलेल्यांना मिठाचं काम सांगायला नको.

साठवण हा याहून मोठा प्रश्न. बाटली कपाटावर, ओट्यापाशी किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एक चांगली शिराझ डिकीत विसरले, सकाळी घेतली आणि संध्याकाळी आठवली. बूच अर्धा पेर वर आलेलं, मानेवरून लाल ओघळ, आणि चव शिजवलेल्या मनुकांची. वाइनच्या बाबतीत तेवढं एक पाप हातून घडलं. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर सरळ घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिने त्याने काही बिघडत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंत थंड भिंतीलगतचं खालचं कपाटही चालतं.

१०. ग्लास खास लागतो का?

देठाचा एक साधा ग्लास, वर किंचित निमुळता. लाल-पांढऱ्यासाठी वेगळे जोड नकोत. स्टीलचा पेला मात्र नको, त्यात रंग दिसत नाही आणि वास उडतो.

११. आपल्या जेवणाबरोबर वाइन जातच नाही, असं ऐकलंय.

हे बोलणारे लोक बहुधा गरम कॅबर्ने आणि तांबडा रस्सा एकत्र घेतात. मग जाळ होणारच. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, गारवा आणि थोडी गोडी ती विझवतात. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचं स्वयंपाकघरातच सुचत जातं. खाली जे आहे ते आमच्या टेबलावर चाललेलं, ग्रंथातलं नाही.

तळलेल्या पदार्थांना बुडबुडे. बाकरवडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा यांच्याबरोबर फसफसणारी ब्रूट (म्हणजे ड्राय) गार करून घ्या, दर घोटाला तोंडातलं तेल धुऊन निघतं. कोथिंबीर वडी, अळूवडी, हिरव्या वाटणातलं काहीही: सॉव्हिन्यों ब्लां. तव्यावरची सुरमई, रवा लावलेलं पापलेट, वर लिंबू: तीच. नारळाच्या रसातली कालवणं: चेनिन. मसालेभात आणि टोमॅटोचं सार: रोझे किंवा सांजोव्हेझे, टोमॅटोच्या आंबटाला तोडीस तोड आंबट लागतं. सुलाची झिनफंडेल रोझे थोडी गोडसर आहे, म्हणून ती तिखटाला धरून राहते.

भरल्या वांग्यांनी मला चकित केलं. दाण्याचं कूट, गूळ, गोडा मसाला आणि वांग्याची स्वतःची तुरट साल. शिराझ अर्धा तास गार करून घेतली तर दोघांचे सूर जुळतात. पिठलं-भाकरी आणि ठेचा असेल तर मात्र लालच्या वाटेला जाऊ नका, गार चेनिन घ्या आणि ठेचा जपून. मटणाच्या सुक्याला शिराझ किंवा कर्नाटकातल्या ग्रोव्हरची ला रेझर्व्ह, जी कॅबर्ने-शिराझ मिश्रण आहे, पण मटण सोलापुरी तिखट नसावं.

गोडाचा एक नियम पाळाच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. जिलेबी खाऊन चहा प्यायलात की चहात साखर घालायची राहिली असं वाटतं, तेच ड्राय वाइनचं पुरणपोळीसमोर होतं. पुरणपोळीला लेट हार्वेस्ट चेनिन, छोट्या पेल्यात. आमरसाला काहीही नको. आमरस पुरेसा आहे.

१२. आणि मिसळीबरोबर?

ताक.

१३. दोघंच आहोत, बाटली संपत नाही. उघडलेली किती टिकते?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा: पांढरी तीन ते पाच दिवस, लाल तीन-चार. फसफसणारी दुसऱ्या दिवसापर्यंतच, तीही विशेष बूच असेल तर. शत्रू हवा आहे, म्हणून उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर दोन दिवस जास्त मिळतात. आंबूस वास यायला लागला की ती पिऊ नका, पण टाकूही नका: मटण मुरवायला, टोमॅटो सॉसमध्ये घालायला चालते.

१४. मामांनी २०१२ ची बाटली दिली आहे, जपून ठेवलीय. आता तर अमृत झालं असेल?

मामांना कळवू नका, पण बहुधा व्हिनेगरच्या वाटेला लागली असेल. ‘जुनी तितकी चांगली’ हे जगातल्या मोजक्या वाइनना लागू पडतं. बहुतेक बाटल्या ताज्या प्यायच्याच असतात आणि आपल्याकडे उन्हाळा घड्याळ पळवतो. पांढरी आणि गुलाबी लेबलवरच्या वर्षापासून दोन वर्षांत संपवा, साधी लाल तीन-चार वर्षांत. फ्रातेल्लीची सेट्टे किंवा सुलाची रासा अशा वरच्या श्रेणीतल्या लाल वाइन आणखी काही वर्षं राहतात, पण सतत थंड जागी ठेवल्या तरच. दुकानात दोन सालं शेजारी दिसली तर पांढऱ्यातली नवी उचला. सालच लिहिलेलं नसेल तर उत्पादनाची तारीख शोधा.

१५. तळाशी साखरेसारखे खडे दिसतात. भेसळ आहे का?

नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत क्षाररूपाने बसतं, फ्रिजमध्ये ठेवल्यावर जास्त दिसतं. हेच शुद्ध करून केकमधलं ‘क्रीम ऑफ टार्टार’ होतं. जुन्या लाल वाइनमध्ये काळसर गाळ बसतो, तोही निरुपद्रवी. बाटली हलवू नका, हलक्या हाताने ओता आणि शेवटचा घोट सोडून द्या.

१६. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल ना?

उलट आपल्या हवेला तेच बरं. सुलाच्या बहुतेक बाटल्यांना ते असतं. बुचाच्या बाटल्यांना अधूनमधून एक रोग होतो: ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कपाटाचा वास. असा वास आला तर ती बाटली बिघडलेली, बिनधास्त परत करा. फिरकीच्या झाकणाने तो धोका जवळजवळ संपतो आणि सहलीत बूच काढायचं हत्यार विसरल्याचा तमाशाही. वर आलेलं किंवा ओघळलेलं बूच दिसलं तर बाटली तापलेली आहे (प्रश्न ९), घेऊच नका.

१७. मी शाकाहारी आहे. वाइन चालेल का?

द्राक्ष आणि यीस्ट एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण वाइन स्वच्छ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून काढलेलं आयझिंग्लास वापरतात. ते गाळासोबत निघून जातं, तरी वापर झालेला असतो. कित्येक वाइनऱ्या त्याऐवजी बेंटोनाइट ही माती वापरतात. लेबलवर ‘व्हीगन’ असेल तर निश्चिंत, नाहीतर कंपनीला विचारा. जैन मित्रांसाठी: आंबवणं हाच मुद्दा असेल तर कुठलीच वाइन चालणार नाही. पुण्यात मिळणारी मधाची मीडही नाही, तिच्यात आंबवणं आणि मध दोन्ही आले.

१८. दोन ग्लासांत डोकं दुखतं. सल्फाइटमुळे का?

सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते द्रव्य, सगळा दोष त्याच्या माथी मारतात. लेबलवर २२० किंवा २२४ असे आकडे दिसतात ते सल्फाइटचे. सोनेरी बेदाणे आणि जर्दाळू यांत ते वाइनपेक्षा जास्त असतं, ते खाऊन दुखत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा. बहुतेक वेळा रिकामं पोट, कमी पाणी आणि जास्त वाइन. दर ग्लासामागे एक तांब्या पाणी हा आमच्या घरचा नियम आहे. दमा असलेल्यांनी मात्र सल्फाइट गंभीरपणे घ्यावं आणि डॉक्टरांना विचारावं. कोणत्याही गोळ्या चालू असतील तर तेच.

१९. गोव्याहून आणलेली पोर्ट आवडते. ती वाइनच ना?

वाइनच. पण खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आंबणं चालू असतानाच द्राक्षाची ब्रँडी घालून थांबवलेली, म्हणून गोडही आणि कडकही. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बहुतेक वेळा गोड लाल वाइन. आवडत असेल तर लाज कसली? बर्फ घाला, संत्र्याची फोड घाला. बर्फ किंवा सोडा घातल्याने पोलीस येत नाहीत. फक्त दोन हजारांच्या बाटलीत घालू नका, पैशांचं पाणी होईल.

२०. भारतात शॅम्पेन होते का?

शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्या प्रांतापुरतं. आपली ती ‘स्पार्कलिंग’. सुलाची ब्रूट आणि दिंडोरीच्या शाँदाँची बाटली, दोन्हींत बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, पद्धत शॅम्पेनचीच. बाटलीत मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त दाब असतो, तेव्हा वाढदिवसाला हलवून उडवण्याचा मोह आवरा. आधी चांगली गार करा. तार सोडवताना अंगठा बुचावर, बाटली तिरकी, तोंड भिंतीकडे. बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. आवाज सुस्काऱ्याइतकाच यायला हवा.

२१. पुण्याहून वाइनरी बघायला कुठे जाऊ?

आधी थोडं पुण्याचं कौतुक. भारतातल्या आधुनिक वाइनची गोष्ट नाशिकच्या आधी आपल्या जिल्ह्यात सुरू झाली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने वाइनरी उभारली आणि ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन परदेशात पाठवली. पुढे ती कंपनी बंद पडली. कर्नाटकात कंवल ग्रोव्हर यांनी नंदी हिल्सजवळ बाग लावली. मग अमेरिकेतली नोकरी सोडून आलेले राजीव सामंत यांनी नाशिकला सुला काढली, तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले, आणि नाशिकभोवती वाइनऱ्यांची रांग लागली.

नाशिक पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत पाच तास धरा. सुला आणि यॉर्क एकमेकींच्या जवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला. सूर्यास्ताला पाण्याकडे तोंड करून बसायचं असेल तर माझं मत यॉर्कला, गर्दी आणि रंगीबेरंगी वातावरण हवं तर सुलाला. जानेवारी अखेर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला, तोडणी चालू असते आणि द्राक्षं चिरडणाऱ्या यंत्राचा आंबट-गोड वास आवारभर असतो. शनिवार टाळा. खरंच टाळा, नाहीतर वाइनपेक्षा सेल्फी जास्त पिऊन याल.

दुसरी दिशा सोलापूरची. पाटसजवळ रोटी गावात फोर सीझन्सची वाइनरी आहे. पुढे अकलूज, साधारण १७० किलोमीटरवर, फ्रातेल्ली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती काढली: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. उसाच्या पट्ट्यात इटलीतल्या तुस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी येऊन सांजोव्हेझे लावतात, हे तिथे उभं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही. कुठेही जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, आणि निघताना गाडी कोण चालवणार ते. चाखण्याच्या वेळी थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेचं नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र थुंकण्याच्या भरवशावरही राहू नये.

२२. तेवढ्याच पैशात परदेशी मिळत असेल तर ती घेऊ?

हिशेब बघा. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क राहिलं आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने २०२२ च्या अखेरीपासून त्यांच्या काही वाइनना सवलत मिळाली, तरी पुण्यात हजार-बाराशेला मिळणाऱ्या परदेशी बाटलीतला मोठा भाग कर, वाहतूक आणि दलालीत जातो. आत उरते ती मूळ गावात अगदी साधी समजली जाणारी वाइन, तीही बंदरावर ऊन खाऊन आलेली. तेवढ्या पैशात नाशिकची ताजी चेनिन मला केव्हाही पटते. अडीच-तीन हजारांच्या वर गेलात तर मात्र चित्र बदलतं, तिथे परदेशी बाटल्या पुष्कळदा सरस ठरतात. हे कबूल करताना मला थोडं वाईट वाटतं.

२३. घरी द्राक्षांची वाइन करून पाहू का? आजोळी करायचे.

परवान्याशिवाय मद्य तयार करणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, प्रमाण कितीही असो. आजोळच्या आठवणी चालतील.

२४. हॉटेलात ग्लास मागवावा की बाटली?

ग्लास मागवायचा असेल तर एक प्रश्न विचारा: “बाटली कधी उघडली?” वेटर गोंधळला तर बिअर घ्या. गेल्या वर्षी शहरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव घेत नाही) मला ग्लासभर शिराझ आली ती कोमट आणि चक्क काकडीच्या कोशिंबिरीवर घालता येईल इतकी आंबट. मॅनेजरना बोलावलं. ते फार अदबीने म्हणाले, “मॅडम, रेड वाइन अशीच असते.” मी त्यांना नवी बाटली उघडायला लावली आणि दोन्ही ग्लास त्यांच्याच हातात दिले. त्यांनी आधी जुना हुंगला, मग नवा, मग पुन्हा जुना. काही बोलले नाहीत, पण जुनी बाटली जाताना बरोबर घेऊन गेले.

चौघं असाल तर बाटलीच घ्या, ग्लासापेक्षा स्वस्तही पडते. लेबल दाखवून समोर उघडायला सांगा, आणि लाल असेल तर निःसंकोच बर्फाची बादली मागा. वेटर विचित्र बघेल. दहा मिनिटं बघू द्या.